पर्याय वाचण्याआधी

भय्यासाहेबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, पहिले दोन पर्याय उरकले आणि तिसरा असा वाचला, जणू दरबारात फर्मान सुनावताहेत. मग थांबले. चौथा पर्याय त्यांनी कसाबसा संपवला.

"सी," इशिता म्हणाली.

"शाब्बास. पुढचा घेऊ."

इशिता त्यांची नात. तिची नजर जन्मापासून अधू होती. माणसं, दारं, रस्त्यावरच्या रिक्षा तिला दिसत. छापील ओळ मात्र पुसट राखाडी रेघेसारखी दिसे. शाळेचे धडे तिला फोन वाचून दाखवायचा. पण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत फोन चालणार नव्हता. तिथं प्रश्न वाचून दाखवायला आणि ती सांगेल ते उत्तर संगणकावर नोंदवायला एक माणूस मिळणार होता, आणि तो कोण, हे केंद्रावर गेल्यावरच कळणार होतं. इशिताला दिल्लीला जाऊन इतिहास शिकायचा होता. बाकीच्या विषयांची तिला धास्ती नव्हती. इंग्रजीतले उतारे ऐकून त्यावरचे प्रश्न सोडवायचे, तिथं घसरली तर मात्र दिल्ली विसरायची होती.

म्हणून माणसाकडून ऐकायचा सराव हवा होता, आणि तो द्यायला भय्यासाहेबांसारखा माणूस अख्ख्या माधव नगरात नव्हता. निदान त्यांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. बँकेत नोकरी केली ती पोटासाठी. जीव होता तो गणेशोत्सवातल्या नाटकांत. उज्जैनच्या मराठी मंडळींनी त्यांचे संवाद शेवटच्या रांगेत बसून ऐकले होते, तेही माइक बंद पडलेला असताना. आता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना नवा रंगमंच मिळाला होता. उताऱ्यात शास्त्रज्ञ आला की आवाज कोरडा व्हायचा, शेतकरी आला की खर्जात जायचा. तालमीशिवाय उभं राहायचं नाही हा जुना शिरस्ता, त्यामुळे आदल्या संध्याकाळी ते उतारा वाचून ठेवत आणि मागच्या पानावरची उत्तरंही पाहून ठेवत. इशिताचं उत्तर क्वचितच चुकायचं. भय्यासाहेब रोज थोडे अधिक ताठ चालू लागले होते.

मोडता घातला तो सुनेनं, म्हणजे इशिताच्या आईनं, मंगलानं.

"तिथं अनोळखी माणूस वाचणार आहे," ती एका रविवारी म्हणाली. "एकदा दुसऱ्या कोणाकडून ऐकून बघू ना."

वरच्या मजल्यावरची निहारिका अकरावीत होती. ती आली, कूलरसमोरची खुर्ची पटकावली आणि बस सुटायच्या आत संपवायचा असल्यासारखा उतारा वाचून काढला. पर्यायही तसेच, एका दमात. इशिताची जवळजवळ निम्मी उत्तरं चुकली.

"अगं, पूर्णविराम असतो तिथं थांबतात," भय्यासाहेबांचा पारा चढला. "आणि हे काय वाचणं झालं? काही चढ नाही, उतार नाही."

"आजोबा, सेंटरवर कोण थांबून राहिलंय?" निहारिका म्हणाली. "तिथले लोक तर याहून फास्ट वाचतील."

मंगला स्वयंपाकघरात कणीक मळत होती. ती तिथूनच म्हणाली, "भय्यासाहेब, तुम्ही काल वाचून ठेवलेला दुसरा पॅसेज घ्या. पॅसेज वाचूच नका. सरळ प्रश्न आणि पर्याय वाचा. मी उत्तरं देते."

"उतारा न ऐकता?"

"न ऐकता."

भय्यासाहेबांना हा पोरखेळ वाटला, पण त्यांनी वाचलं. मंगलानं कणकेतला हात न काढता उत्तर दिलं. बरोबर. दुसरं बरोबर, तिसरंही बरोबर. चौथ्याला निहारिकाला हसू आवरेना.

"तुम्ही उत्तर वाचून दाखवता," मंगला बाहेर येऊन हळू म्हणाली. "मला इथं ओट्यापाशीसुद्धा ऐकू येतं. तुम्हाला दुखवायचं नव्हतं, पण पेपर पंधरा दिवसांवर आलाय."

भय्यासाहेबांनी कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग पायांत चपला सरकवल्या आणि कोणाकडे न पाहता जिना उतरले. मागं इशिता निहारिकाला म्हणाली, "चल, दुसरा पॅसेज काढ." तो ऐकायला भय्यासाहेब घरात नव्हते.

रिक्षा करून ते राम घाटावर गेले आणि सावलीतली एक पायरी पाहून बसले. शेजारी एक गुरुजी कोणाच्या तरी कुळाचा संकल्प सांगत होते, एका सुरात, ना चढ ना उतार, आणि समोरचा यजमान तरीही हात जोडून सगळं ऐकत होता. भय्यासाहेबांना स्वतःची लाज वाटली. टाळ्यांची सवय लागलेल्या माणसानं पोरीच्या परीक्षेतही टाळ्याच शोधल्या, आणि महिनाभर तिला इंग्रजी नव्हे, आपला आवाज ओळखायला शिकवलं. ती दिल्लीला गेली नाही तर त्याला कारण आपण. हे त्यांना इतकं लागलं की शेजारून कोणी वेळ विचारली तेही त्यांना ऐकू आलं नाही.

घरी परतल्यावर त्यांनी जे आरंभलं, त्याला तोड नाही. या वयात माणसं आवाज जपतात. यांनी तो मोडायला घेतला. विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, कोणाच्या लग्नाची पत्रिका, हाती येईल ते सपाट सुरात वाचत सुटले. पत्रिकेतलं 'आपले आगमन प्रार्थनीय आहे' सपाट वाचणं किती अवघड असतं, ते करून पाहणाऱ्यालाच कळेल. संध्याकाळी मंगला ऑफिसातून आली की तिला पाठमोरी बसवून ते नुसते पर्याय वाचत आणि ती उत्तर ओळखायची.

"बी."

"कसं कळलं?"

"बीच्या आधी श्वास घेतलात."

मग त्यांनी श्वास सुधारला. पुढं कळलं की बरोबर पर्यायाला त्यांचा कागदही किंचित सळसळतो. मग कागद टेबलावर ठेवून वाचू लागले. उत्तरं आधी पाहणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण इंग्रजी चांगलं असल्यामुळे उत्तर त्यांना कळायचंच, आणि कळलेलं घशाबाहेर येऊ न देणं हीच तर खरी लढाई होती. शेवटी एका संध्याकाळी मंगला सलग चुकत गेली आणि म्हणाली, "नाही बाई, काहीच कळत नाही." इतकं मनापासून कौतुक भय्यासाहेबांच्या वाट्याला क्वचितच आलं असेल.

त्यानंतर ते पुन्हा इशितासमोर बसले. तिची उत्तरं बरोबर येत राहिली. पोर सुधारली, असं त्यांनी स्वतःला बजावलं, तरी मनातली धाकधूक जाईना.

पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी मधमाश्यांवरचा उतारा संपला, पहिला प्रश्न झाला आणि भय्यासाहेबांना ठसका लागला. ते पाण्याचा ग्लास शोधत होते, तेवढ्यात इशिता म्हणाली, "थंडीत त्या एकमेकींना ऊब देतात म्हणून. एकटी असती तर मेली असती."

भय्यासाहेब पाणी प्यायले.

"मी अजून पर्याय वाचले नाहीत."

"माहीत आहे. मी तर पहिल्यापासून असंच करते."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"तुम्ही सुरू केलंत ना, तेव्हापासूनच. तुम्ही बरोबर पर्यायावर जोर देता, हे मला लगेच माहीत पडलं होतं. ते कानावर आलं की आपलं डोकं चालवायला काही उरतच नाही. म्हणून प्रश्न झाला की मी मनात उत्तर पक्कं करून टाकते. मग तुम्ही कसंही वाचा."

"आणि त्या दिवशी? निहारिका वाचत होती तेव्हा?"

"ती पॅसेजच इतका पळवून राहिली होती, मला अर्धा कळलाच नाही. तुम्ही गेल्यावर मी तिला म्हटलं, हळू वाच, आणि मी सांगेन तिथं परत वाच. सगळे बरोबर आले."

"हे मंगलाला ठाऊक आहे?"

"आईला मीच सांगू नको म्हटलं. आम्ही तुम्हाला सांगायला आलो, तर तुम्ही विजेचं बिल वाचत बसला होता, एकदम मन लावून. थांबवावंसं वाटेना. आणि सेंटरवर कोणीतरी असंच सपाट वाचणार, त्याचीही प्रॅक्टिस हवीच होती ना."

"पण त्याच्याही आधी? महिनाभर का बोलली नाहीस?"



"बोलले असते तर तुम्ही नाटकासारखं वाचणं बंद केलं असतं," ती म्हणाली.

भय्यासाहेबांना आधी राग आला. मग हसू आलं. मग चष्मा काढून पुसावा लागला. जिच्यासाठी आपण घसा मोडला, ती पोर आपल्याला केव्हाच ओळखून होती आणि तरी आपलं वाचन लाडानं ऐकून घेत होती. तिच्याबद्दल त्यांना जे वाटलं त्याला नुसता अभिमान म्हणणं अपुरं होतं. त्यात थोडा आदरही होता, आणि नातीबद्दल आदर वाटायची त्यांना सवय नव्हती.

"शेवटचा पॅसेज राहिलाय," इशिता म्हणाली. "आज तुमच्या पद्धतीनं वाचा."

हा उतारा त्यांनी आधी पाहिलेला नव्हता. एका दीपगृहाचा म्हातारा रखवालदार. दिवा आता यंत्रानं आपोआप लागतो, नोकरी संपली आहे, तरी तो रोज संध्याकाळी सगळ्या पायऱ्या चढून वर जातो आणि दिवा लागलेला पाहून खाली येतो. भय्यासाहेबांनी समुद्र उभा केला, वारा उभा केला, म्हाताऱ्याची धाप ऐकवली. निहारिका वरच्या गॅलरीत येऊन ऐकत उभी राहिली. प्रश्न होता: लेखकाला रखवालदाराबद्दल काय वाटतं? भय्यासाहेबांनी प्रश्न वाचला आणि पर्यायांवर तळहात ठेवला.

"सांग."

त्यांच्या मनात उत्तर तयार होतं. दया. दुसरं काय वाटणार?

"हेवा," इशिता म्हणाली.

"हेवा? त्या म्हाताऱ्याचा? त्याच्याकडे आहे काय?"

"शेवटून दुसरं वाक्य परत वाचा ना. साधंच वाचा."

त्यांनी वाचलं. लेखक म्हणत होता, कोणी सांगितलेलं नसताना मी इतक्या पायऱ्या कशासाठी चढेन, याचा परतीच्या वाटेवर विचार केला, आणि मला काहीच आठवलं नाही.

मघाशी हे वाक्य भय्यासाहेबांनी खूप रंगवलं होतं. रंगवता रंगवता ते त्यांच्या हातून निसटलं होतं. त्यांनी पर्यायांवरचा हात काढला. दया पहिल्या क्रमांकावर होती, हेवा चौथ्या. मागचं पान त्यांनी उलटलं नाही.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

मग त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ घेतला आणि उतारा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, या वेळी मनातल्या मनात. त्यांचं वाचून होईपर्यंत इशिता तिथंच बसून राहिली.