देव्हाऱ्यातला राउटर

आमच्या घरात वायफाय कुठे मिळतं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही पाठ होतं. गच्चीच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीला, पाण्याच्या टाकीला पाठ टेकून, आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या डाव्या अंगाला, तेही जरा वाकून उभं राहिलं तर. मागच्या खोलीत, जिथे माझी मुलगी युरिदिया काम करायची, तिथे ते घाईतल्या पाहुण्यासारखं वागायचं. यायचं, पण बसायचं नाही.

कंपनीचा माणूस राउटर बसवायला आला तो नेमका जेवणाच्या वेळेला. त्याच्याजवळची वायर रस्त्यावरच्या दारापासून चार हात आत आली. तिथेच त्याने खिळा ठोकला आणि पांढरा डबा टांगला. मी म्हटलं, अहो, घर मागे आणखी बरंच आहे. तो म्हणाला, वायफाय भिंतीतून जातं, दोन्या एल्पिदिया, काळजी नको. आमच्याकडे बाईला मानाने दोन्या म्हणतात. आमच्या भिंती कच्च्या विटांच्या, हातभर जाड. भूकंपात शेजारचं नवं सिमेंटचं घर तडकलं, आमच्याकडे पोपडासुद्धा पडला नाही. त्या भिंतीतून माझा आवाज पलीकडे जात नाही, आणि माझा आवाज ओआहाका शहराच्या अर्ध्या बाजाराला माहीत आहे.

ती दारापाशची खोली म्हणजे माझ्या नवऱ्याचं दुकान आणि कारखाना. फिदेन्सिओ पत्र्याचं काम करतो. आरशांच्या चौकटी, नवसाची हृदयं, संतांचे छोटे देव्हारे. दिवसभर छिन्नी आणि हातोडी. तो बोलतो कमी, ठोकतो जास्त. बोलण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

युरिदियाचं काम मात्र सगळं बोलण्याचंच. ती दुभाषी आहे. आमच्या डोंगरातली माणसं कामासाठी उत्तरेला जातात, तिकडे आजारी पडतात. तिथली नर्स स्पॅनिश बोलते, आजारी माणसाला येते फक्त डोंगरातली झापोतेक. मध्ये कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझी मुलगी. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, रक्त पडतं का, हे सगळं ती इकडचं तिकडे करते. मला त्या भाषेतला एक शब्द येत नाही. मी इथल्या शहरातली.

फिदेन्सिओ डोंगरातला, पण त्याच्या तोंडून ती भाषा मी कधी ऐकली नव्हती. शाळेत मास्तर एकेका शब्दाला छडी मारायचे. शहरात आला तर लोक हसायचे. त्याने ती गिळून टाकली. युरिदिया जन्मली तेव्हा एवढंच म्हणाला की हिच्या वाट्याला हे नको. तिनेच पुढे हट्टाने सुट्ट्यांमध्ये त्याच्या बहिणीकडे, त्रान्किलिना आत्याकडे, डोंगरात जाऊन वह्या भरभरून शिकून घेतली. तो हो म्हणाला नाही आणि नको म्हणाला नाही. घरात हा विषय निघत नसे.

तर गेल्या वर्षी महिन्याभरात दोनदा तिचं संभाषण मध्येच तुटलं. एकदा तर एक बाई आपलं पोट कुठे दुखतं ते सांगत असतानाच. दुसऱ्या दिवशी तिच्या संस्थेचं पत्र आलं: येत्या गुरुवारी सकाळी अकराला चाचणी होईल, वीस मिनिटांची, आणि ती तुटली तर तुमचं नाव यादीतून काढावं लागेल. युरिदियाने पत्र मला वाचून दाखवलं आणि कपाटावरची बॅग खाली काढली. मावसबहिणीची राजधानीत, मेक्सिको सिटीत, एक खोली रिकामी आहे म्हणाली, आणि तिकडे नेट चांगलं आहे. अगदी शांतपणे म्हणाली, आणि त्या शांतपणाचीच मला धास्ती वाटली. मला ही एकच मुलगी. तिने जाऊ नये असं मला वाटत होतं, बाकी सगळं सोंग.

मग मी कंपनीच्या मागे लागले. फोनवर जो तो एकच सांगे, बंद करून चालू करा. मी बंद करून चालू करून इतकी कंटाळले की ते बटण ढिलं झालं. मग ऑफिसात जाऊन बसू लागले. पाच खेपा. काउंटरवरच्या मुलीला मी काय काय ऐकवलं ते आता लिहिण्यासारखं नाही. तुमचा राउटर म्हणजे फुकट वाटलेला खोका आहे, त्यात आत काही आहे की नुसते दिवे आहेत, हे त्यातलं सौम्य. शेवटी तिने चांगल्या राउटरसाठी अर्ज लिहून घेतला, माल आला की पाठवू म्हणाली, आणि तोवर बघायला एक तंत्रज्ञ पाठवते म्हणाली.

तंत्रज्ञ बुधवारी आला. नाव नाबोर. बाईला दोन्या तसं पुरुषाला मानाने दोन, म्हणून दोन नाबोर. पन्नाशीचा, पोट सुटलेला, खांद्यावर शिडी. मी त्याला दारातच सगळा इतिहास सांगितला. त्याने शिडी टेकवली, खोलीभर पाहिलं आणि विचारलं, राउटर कुठाय?

आता इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. कंपनीच्या माणसाने खिळा ठोकला तो नेमका आमच्या सोलेदाद मातेच्या तसबिरीशेजारी. मातेच्या कानाशी सारखे हिरवे दिवे मिचमिचतात, वायरी लोंबतात, रस्त्याची धूळ बसते, हे मला बघवेना. मी फिदेन्सिओला म्हटलं, याला जरा माणसात बसेल असं घर कर. त्याने आठ दिवस घेतले. पत्र्याचा देव्हारा केला, दोन दारांचा, दारांवर डाळिंबं आणि पक्षी, वर आरशाचा तुकडा. आयुष्यभर त्याने विकण्यासाठीच बनवलं, आमच्या स्वतःच्या घरासाठी बनवलेली ही पहिली वस्तू. येणारी म्हातारी माणसं त्याच्यासमोर क्रूसाची खूण करत, आणि मी त्यांना आत कोण आहे ते सांगत नसे. धूळ जाऊ नये म्हणून दारं मी घट्ट लावून ठेवत असे.

तर मी मोठ्या तोऱ्यात ती दारं उघडली. दोन नाबोरने आधी टोपी काढली, कारण त्यालाही आत संत असणार असंच वाटलं होतं. मग आतले हिरवे दिवे दिसले आणि तो शिडीला धरून हसायला लागला. पोट हलत होतं, शिडी हलत होती.

"दोन्या," तो डोळे पुसत म्हणाला, "पत्र्यातनं वायफाय जात नाही हो. तुम्ही तर त्याला सार्डिन माशासारखं डब्यात भरलंय."

काउंटरवरची ती मुलगी डोळ्यासमोर आली. मी विचारलं, म्हणजे सगळा दोष आमचाच का? माणूस सरळ होता, म्हणाला, तसंही नाही. हा राउटर मुळातच छातीचा कमकुवत, कंपनी सगळ्यांना हाच देते. बाहेर काढलात तर ही खोली नीट चालेल, पण तुमची ही भिंत काही त्याला धड ओलांडता यायची नाही. जास्तीची वायर द्यायला परवानगी नाही. चांगला येईल तेव्हा येईल.

फिदेन्सिओ एवढा वेळ आपल्या ठोकळ्यावर बसून ऐकत होता. तो उठला, पक्कड घेतली, स्वतःच्या हाताने देव्हारा भिंतीवरून उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवला. मला फार वाईट वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

तेव्हा ठरलं ते असं, की गुरुवारी युरिदियाचं टेबल पुढच्या खोलीत, राउटरखाली. फिदेन्सिओच्या डोक्यावर एका लग्नाच्या तीनशे हृदयांचं काम होतं, पण अकराला पाच कमी असताना त्याने हातोडी खाली ठेवली. खोलीबाहेर जा असं त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याला सुचलंही नाही. मांडीवर पत्र्याचे तुकडे होते तसाच बसून राहिला. मी झाडू घेऊन रस्त्यावर उभी राहिले, कारण आमचा रस्ता म्हणजे काय ते मला माहीत आहे.

अकरा वाजून सहा मिनिटांनी भंगारवाल्याची गाडी वळली. भोंग्यावर ती रेकॉर्ड केलेली पोरगी, जुन्या गाद्या द्या, फ्रिज द्या, शेगड्या द्या. मी गाडीपुढे झाडू आडवा धरला. ड्रायव्हरने भोंगा बंद केला आणि हळूच विचारलं, दोन्या, कुणी गेलं का? मी म्हटलं, जाऊ नये म्हणूनच चाललंय, मुलीची परीक्षा आहे. त्याने इंजिनही बंद केलं. त्याच्यामागे गॅसची गाडी, तिच्या साखळ्या खळखळत. त्याला भंगारवाल्यानेच खाली उतरून गप्प केलं. मग दोघे पायरीवर बसले आणि कोणत्या विषयाची परीक्षा म्हणून चौकशी करू लागले. मी त्यांना सोडून खिडकीशी गेले.

पडद्यावर एक म्हातारा होता, रोग्याचं काम करणारा. छातीवर हात ठेवून तो भराभर बोलत होता. युरिदिया ऐकायची, स्पॅनिशमध्ये नर्सला सांगायची, मग वळून त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायची. तिचा आवाज वेगळाच होता. खालचा, हळू, आपण आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतो तसा. मागच्या खोलीतून, त्या भिंतींपलीकडून, हा आवाज कधी आमच्यापर्यंत आलाच नव्हता.

मी फिदेन्सिओकडे पाहिलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता. हात हलवला असता तर मांडीवरचा पत्रा वाजला असता.

वीस मिनिटं झाली. एकदाही तुटलं नाही. नर्सचं काम करणाऱ्या बाईने काहीतरी चांगलं सांगितलं असावं, कारण युरिदियाने कानावरचं काढलं आणि टेबलावर डोकं टेकलं. तेव्हा फिदेन्सिओ बोलला. एकच वाक्य, झापोतेकमध्ये. एकतीस वर्षांच्या संसारात मी त्याचा तो आवाज पहिल्यांदा ऐकला. युरिदियाने मान वर केली, रडली का हसली कळेना, आणि उत्तर दिलं. त्याने तिचा एक शब्द सुधारला. तिने तो दुसऱ्यांदा म्हणून पाहिला आणि पेन शोधायला लागली.

मी नंतर तिला विचारलंच, काय म्हणाले बाबा?

"म्हणाले, आत्याकडनं शिकलीस हे लगेच कळतं. तिच्यासारखीच श्वास न घेता बोलतेस."

बॅग परत कपाटावर गेली. भंगारवाला आणि गॅसवाला दोघांना मी गरम चॉकलेट पाजलं, आणि दोघांनी आत येऊन युरिदियाचं अभिनंदन असं केलं की जणू तेच परीक्षेला बसले होते.

टेबल पुढच्या खोलीतच राहिलं, जाणार कुठे? तिचा फोन चालू असला की हातोडी बंद. फोन संपला की हातोडी चालू. आणि मधल्या वेळात ती विचारते, बाबा, पोटात पीळ पडतो त्याला काय म्हणायचं, आणि नुसतं जड वाटतं त्याला? तो ठोकता ठोकता सांगतो. कधी सांगताना हातोडी थांबते आणि शब्दावरून गावातल्या कुणाची तरी गोष्ट निघते, दोघं हसतात, आणि मी स्वयंपाकघरात एकटी, मला कुणी अर्थ सांगेल याची वाट बघत. बोलण्याचं खातं माझ्या हातून गेलं. मला त्याचं जरासुद्धा दुःख नाही, असं मी म्हणणार नाही, पण थोडंच आहे.

दीड महिन्याने दोन नाबोर पुन्हा आला. हातात मोठा काळा राउटर, चार शिंगांचा. माझा अर्ज मंजूर झाला होता. पाच खेपांचं चीज झालं म्हणून मी हरखून गेले. त्याने तो लावला आणि आम्ही फोन घेऊन घरभर फिरलो. मागच्या खोलीत रेंज, गच्चीवर रेंज, शेजारच्या अंगणातही रेंज. दोन नाबोर खूश होऊन म्हणाला, आता मुलीचं टेबल मागे न्या, शांतपणे काम करू दे तिला.

युरिदियाने बापाकडे पाहिलं. मागची खोली खरंच शांत आहे, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

फिदेन्सिओने हातोडी खाली ठेवली. परक्या माणसाशी तो आपणहून कधी बोलत नाही.

"हा घेऊन जा, दोन नाबोर. जुनाच लावा परत."

"अहो, पण त्या जुन्याची रेंज या खोलीच्या बाहेर धड जात नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

दोन नाबोरने माझ्याकडे पाहिलं. या राउटरसाठी मी काउंटरवर काय तमाशे केले ते त्याच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. मी युरिदियाकडे पाहिलं, तर ती खाली मान घालून आपलं टेबल बापाच्या ठोकळ्याकडे आणखी जरा सरकवत होती. नवा राउटर परत करायचा तर एक कागद भरावा लागतो. दोन नाबोरने तो काढला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाला, दोन्या, इथे कारण लिहायचं असतं, काय लिहू?

मी म्हटलं, लिहा, ग्राहक जुन्यावर समाधानी आहे. त्याने ते लिहिलं, आणि मी खाली सही केली.