पाहुण्याचं अन्न

"गहू खाणारा माणूस जगावर राज्य करते, अन् भात खाणारा त्याले सलाम ठोकते!"

दुलीचंद बिसेन यांनी हा सिद्धांत सडक अर्जुनीच्या हमरस्त्यावर, चहाच्या टपरीसमोर, ट्रक ड्रायव्हरांच्या साक्षीनं मांडला. ड्रायव्हर पंजाबकडचे होते, त्यामुळे ठराव एकमतानं मंजूर झाला. फक्त दुलीचंदजींचं बोट धरून उभा असलेला त्यांचा मुलगा ईश्वरदास, ज्याला दात आल्यापासून गहूच चारला जात होता, तो जगावर राज्य करायचं सोडून टपरीमागच्या झुडपाकडे पळाला. दुलीचंदजी लोटा घेऊन त्याच्या मागे धावले. साम्राज्याचा विषय तिथंच राहिला.

आमचा मुलूख धानाचा. घरोघरी सकाळी भात, संध्याकाळी भात, आणि मधल्या वेळी भूक लागली तर सकाळचा भात. गहू बाजारातून आणायचा आणि डब्यात झाकून ठेवायचा, कारण तो पाहुण्याचा. जावई आला, व्याही आला, तलाठी आला की कढई चढायची आणि पुऱ्या तळल्या जायच्या. कोणाच्या घरी कढई किती वेळा चढते, यावरून गाव त्या घराची किंमत करी. घरच्या माणसानं पुरी खायची तर आधी आजारी पडावं लागे.

दुलीचंदजींना आधी शामकला झाली, मग धुरपता, आणि बऱ्याच नवसांनंतर ईश्वरदास. शेती चांगली, धान भरपूर, मुलगा एकच. तेव्हा त्यांनी ठरवलं की हा पोरगा भात खाणार नाही. मुलींना भात आणि मुलाला गव्हाची पोळी, गव्हाची खीर, गव्हाचे लाडू. त्यांची मोठी बहीण सुलोचनाबाई गोंदियात दिलेली, सासर व्यापाऱ्याचं. ती स्टेशनाजवळच्या भट्टीतली डबलरोटी आणि बिस्किटं पाठवी. थोडक्यात, पोराला घरात पाहुण्यासारखं वाढवलं गेलं, आणि चौथं वर्ष सरताना ते पाहुण्यासारखंच जायला निघालं.

पोट फुगलेलं, हातपाय काड्या. जेवायला बसवलं की रडे. त्यानं आयुष्यात कधी काही मागून खाल्लं नव्हतं. जे गेलं ते कोंबल्यामुळे गेलं आणि लगेच बाहेर आलं. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, चिचगडकडच्या जंगलातल्या वैदूची मुळी झाली. प्रत्येक उपायानंतर अशक्तपणा वाढे, आणि अशक्तपणा वाढला की दुलीचंदजी गव्हाचं प्रमाण वाढवत. शेजारी भात खाऊन शामकला पाण्याची घागर एका हातानं उचलत होती, पण तिच्याकडे बघायचं कोणाला सुचलं नाही.

दुलीचंदजींना बसवत नसे. ओसरीवर येत, आत जात, पोराचं मनगट दोन बोटांत धरून बघत, पुन्हा ओसरीवर येत. शेतात गेले की अर्ध्या बांधावरून परत फिरत. त्याच सुमारास आमचा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवला जाणार, अशी बोलणी गावोगाव चालली होती. शेजारचे दुधराम विचारायला आले, "दुलीचंद, आपण मुंबईत जाऊन राहिलो म्हणते. तुले काय वाटते?"

"आज सकाळपासून दोनदाच गेला," दुलीचंदजी म्हणाले.

शेवटी सौंदडहून छोटी गाडी आणि गोंदियाहून मोठी गाडी करत दुलीचंदजी आणि त्यांची बायको जमुनाबाई पोराला घेऊन नागपूरला गेले. विलायतेहून नुकताच परतलेला एक तरुण डॉक्टर होता. त्यानं पोराचं पोट दाबून बघितलं आणि विचारलं, "घरात आणखी मुलं आहेत?"

"दोन पोरी. त्यायले काही धाड नाही."

"त्या काय खातात?"

"पोरी का खाणार? भात."

"आणि हा?"

दुलीचंदजी खुर्चीत सरळ झाले आणि पोळीपासून डबलरोटीपर्यंत सगळं अभिमानानं सांगून गेले. डॉक्टरनं हात वर करून त्यांना थांबवलं. गव्हात एक चिकट पदार्थ असतो, तो काही मुलांच्या आतड्याला सोसत नाही, हे तिकडे आत्ता कुठं उमगलंय, असं तो म्हणाला. "गहू बंद. कणीक, रवा, मैदा, कणभरही नको. काही महिन्यांत फरक पडेल. नाही पडला तर…" पुढचं त्यानं सांगितलं नाही. जमुनाबाईंनी ते ऐकलं.

"मंग त्याले खाऊ काय घालू?"

"बहिणी खातात तेच."

परतीच्या गाडीत दुलीचंदजींनी भंडारा रोडपर्यंत खिडकीबाहेरचं धान मोजलं. मग म्हणाले, "दोन गाड्या बदलून आलो, अन् हा मले पोरींचं जेवण सांगते!"

जमुनाबाईंनी घरी आल्या आल्या गव्हाचा डबा उचलला आणि दुधरामांच्या घरी नेऊन दिला. जातं धुतलं, गव्हाचा उरलासुरला कण निघावा म्हणून त्यात तांदूळ दळले आणि ते पहिलं पीठ गायीपुढे टाकलं. मग नवऱ्यासमोर येऊन म्हणाल्या, "आता या घरात गहू येणार नाही. पाहुण्यालेही नाही. तो एकटा भात खाईल अन् आपण पुऱ्या तळू, असं होणार नाही."

"अन् पाहुणा आला तर?"

"भात खाऊन पाहुण्याचं पोट बिघडलं नाही अजून."

गावाला मात्र एवढंच दिसलं की बिसेनांच्या घरी कढई चढत नाही. दुधराम रोज ओसरीशी थांबून चौकशी करत. "काऊन गा, दुलीचंद, कर्जात आला का? सांग बापा. तुह्या गव्हाच्या पुऱ्या चांगल्या होऊन राहिल्या आमच्या घरी."

हे फार झालं. दुलीचंदजींनी डोकं लढवलं. गहू नको ना? ठीक. पण डबलरोटी तर दिसली पाहिजे! त्यांनी तांदळाच्या पिठाचा पायलीभराचा डबा ट्रकवर चढवला आणि गोंदिया गाठलं. भट्टीवाला श्यामलाल आधी हसला, मग गिऱ्हाईक जुनं म्हणून कबूल झाला. पीठ मळलं, ते सुटलं. पुन्हा मळलं, पुन्हा सुटलं. शेवटी कसंबसं साच्यात दाबून भट्टीत घातलं. बाहेर आलं तेव्हा श्यामलालनं ते पाटावर आपटलं आणि पाटाकडे काळजीनं पाहिलं.

"सेठ, यह रोटी नहीं है। इससे मकान की नींव भर लो।"

दुलीचंदजींनी नींव घरी आणली. कुत्र्यानं ती हुंगली आणि अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला.

मग जमुनाबाईंनीच वाट काढली. त्यांचं माहेर डोंगरगडच्या बाजूचं. तिकडे तांदळाच्या पिठात रात्रीचा उरलेला भात कालवतात, मीठ घालतात, जाड थापून पळसाच्या दोन पानांत ठेवतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजतात. त्याला अंगाकर म्हणतात. वरून खरपूस, आतून मऊ, आणि भाताच्या आधारामुळे सुटत नाही. शामकला दोन दिवसांत ते आईपेक्षा चांगलं करायला लागली. दुलीचंदजींनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अवं, हे तं बनिहाराचं खाणं! धानाच्या रोवणीवर आलेले मजूर खाते हे!"

"मजूर आजारी दिसले का तुमाले कधी?" शामकला निखारे सारत म्हणाली.

पोराचे जुलाब कमी झाले. पोट उतरायला लागलं. भूक अजून नव्हती. तो चतकोर चावत बसे, पण रडत नसे. दुलीचंदजी तरीही फेऱ्या घालतच होते, फक्त आता फेऱ्या थोड्या लांब, बांधाच्या टोकापर्यंत, झाल्या होत्या.

आणि मग सुलोचनाबाई आल्या. भावाच्या पोरासाठी मोठा डबा भरून लाडू घेऊन. "घाबरू नको जमुना, तांदळाचेच आहेत. मी का येडी आहे?" त्या आठवडाभर राहिल्या, रोज स्वतःच्या हातानं भरवत राहिल्या. पोर पुन्हा झुडपाकडे पळायला लागलं. पोट पुन्हा टम्म. दुलीचंदजींची झोप उडाली. डॉक्टर चुकला, असं ते सकाळी म्हणत. आपलं नशीब चुकलं, असं दुपारी.

जमुनाबाईंनी आयुष्यात नणंदेसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी डबा पुढ्यात ठेवला. "बाई, ह्यात काय काय घातलं?"

"तांदूळ, गूळ, तूप."

"आणखी?"

"आणखी काय? नुसत्या तांदळानं का ताकद येते? आधारापुरतं मूठभर गव्हाचं पीठ टाकलं. मूठभरानं का होते?"

"विष तं चिमूटभरच लागते, बाई."

सुलोचनाबाई उभ्या राहिल्या. भावाकडे पाहिलं. भाऊ खांबाकडे पाहत होता. "दुली, तुही बायको मले विष घालणारी म्हणून राहिली, अन् तू गप्प?"

दुलीचंदजींनी खांबावरची नजर काढली. एकीकडे मोठी बहीण, जिनं त्यांना कडेवर खेळवलं. दुसरीकडे खाटेवर पोट धरून पडलेलं पोर. ते म्हणाले, "बाई, लाडू परत घेऊन जा."

"मंग ऐक. नव्या धानाच्या पंगतीले येईन, कारण मायबापाचं घर आहे. पण माह्या पानात पुरी नसंल, तं पाणी पिल्याशिवाय उठीन. साऱ्या गोतासमोर."

नव्या धानाची पंगत म्हणजे वर्षाची अब्रू. पाहुणे दूरदूरहून येत, आणि पुऱ्यांशिवाय पंगत उठल्याचं कोणाला आठवत नव्हतं. जमुनाबाईंचा हिशेब सरळ होता: घरात पुऱ्या तळल्या की कोणी ना कोणी मायेनं पोराच्या तोंडात तुकडा कोंबणार. महिनाभर पुन्हा गहू बंद ठेवल्यावर पोट जेमतेम ठिकाणावर आलं होतं. दुलीचंदजी गव्हाचं पोतं आणायला दोनदा निघाले आणि दोनदा वेशीपासून परत आले. तिसऱ्या वेळी शामकलानं विचारलं, "बाबा, कुठं?"

"कुठंच नाही. पळसाची पानं किती लागतीन, सांग."

पंगतीच्या सकाळी अंगणात गोवऱ्यांची लांब रांग पेटली. शामकला आणि धुरपता डोळे चोळत अंगाकर पुरत होत्या, उलटत होत्या, राख झटकत होत्या. पाहुणे बसले. पानं मांडली. नवा भात आला, वरण आलं, वांग्याची भाजी आली, आणि मग प्रत्येक पानात पळसाची नक्षी उमटलेला, काळपट, जाड, वाफाळता अंगाकर. पंगतीची नजर कढई शोधत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि रिकामी परत आली. कोणी भाताला हात लावेना. सुलोचनाबाई पान पुढे सारून ताठ बसल्या होत्या.

"दुलीचंद," दुधराम मोठ्यानं म्हणाले, "पुऱ्या कायले नाही? का रोवणी लावून राहिला आज?"

हसू उठलं. दुलीचंदजी ईश्वरदासच्या शेजारी बसले होते, ते उभे राहिले. आवाज टपरीसमोरचा होता.

"मंडळी! ज्यानं धान खाल्लं, त्याले जगात कोणाची भीती नाही! विलायतेच्या मोठमोठ्या डाक्टरायनं गव्हाच्या पोटात शिरून पाहिलं, अन् त्यायले आता समजलं, जे आपल्या बापजाद्यायले आधीच ठाऊक होतं! ह्या पानात जे वाढलं, ते मजुराचं नाही, ते पाहुण्याचं नाही, ते माह्या घरचं आहे! ज्याले खाचं असंल त्यानं खावं, ज्याले उठाचं असंल…" इथं त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि आवाज फाटला. तरी त्यांनी हात उंच केला. "माह्यासाठी ह्या अंगाकराची इज्जत साऱ्या जगाच्या…"

कोणीतरी त्यांचं धोतर ओढलं.

त्यांनी ते सोडवलं. पुन्हा ओढलं गेलं. खाली बघितलं तर ईश्वरदासचं पान चाटूनपुसून स्वच्छ होतं, ओठांना राख लागली होती, आणि तो बापाच्या पानाकडे टक लावून बसला होता.

"बाबा," तो म्हणाला, "तुमी बोलूनच राहिले. तुमचा मी घेऊ का?"