लीलावतीची शेवटची ओटी

चारचौघांत बोलायचं म्हटलं की पद्माकर मागच्या मागे सरकायचे. नॉटिंगहॅमच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात त्यांनी उभी हयात नोकरी केली, तीही पुस्तकं उलट बोलत नाहीत म्हणून, असं लीलावती म्हणायची. ‘बहुधा’ किंवा ‘मला वाटतं’ लावल्याशिवाय त्यांच्या तोंडून वाक्य निघत नसे. घरातलं ठाम बोलणं सगळं तिच्याकडे. आता तीच फ्युनरल डायरेक्टरच्या मागच्या खोलीत हिरवं लुगडं नेसून निजली होती, आणि बोलायची वेळ नेमकी त्यांच्यावर आली होती.

झालं होतं ते असं. २००४ सालचा फेब्रुवारी. लीलावती नवऱ्याआधी, अहेव गेली, म्हणून खणानारळाने तिची ओटी भरायची होती. लंडनजवळच्या एजवेअरहून आलेली पद्माकरांची धाकटी बहीण मीनाक्षी सगळी सूत्रं हातात घेऊन उभी होती. तिने सवाष्णींची रांग लावली. आधी ती स्वतः, मग सून मंजिरी, मग मराठी मंडळातल्या दोघीतिघी. लीलावतीची जुनी मैत्रीण शशीवहिनी, त्याही कॅरिअर बॅगेत नारळ घेऊन आल्या होत्या. मीनाक्षीने ती पिशवी हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली, तुमच्या नावाने मीच वाहते म्हणाली, आणि त्यांना बाहेर कोट टांगले होते तिथे बसायला सांगितलं. शशीवहिनी विधवा होत्या. त्या निमूट निघाल्याही.

पद्माकर भिंतीला टेकून हे बघत होते. शशीवहिनी दाराबाहेर गेल्या, की लीलावतीने जन्मभर जे चालवलं ते तिच्याच उशाशी पुसलं जाणार होतं.

देवाधर्माला तिच्याइतकी कडक बाई त्या गावात नव्हती. मार्गशीर्षातले गुरुवार तिने हॉस्पिटलच्या खाटेवरही सोडले नाहीत. तिन्हीसांजेला रीडिंग गावी मुलाकडे फोन लावून नातवंडांकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची. मुलगा राजीव फोन उचलत नसला तर त्याच्या आन्सरिंग मशीनला म्हणून दाखवायची. घरची माणसं म्हणजे तिचा जीव, आणि शशीवहिनींना तिने घरचंच धरलं होतं. त्यांचा नवरा गेला त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला त्या आपणहून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. लीलावती करंडा घेऊन आत गेली आणि पहिलं कुंकू त्यांना लावलं. बाहेरच्या चार बायका वाणाला हात न लावता उठल्या. त्यांना तिने दारात सांगितलं, देव रागावला तर मला सांगेल, तुम्ही मध्ये कशाला? पुढच्या वर्षी निम्म्या बायका आल्याच नाहीत. तिने बोलावणं मात्र दर वर्षी सगळ्यांना धाडलं आणि पहिलं कुंकूही दर वर्षी शशीवहिनींनाच लावलं. न आलेल्यांच्या वाटचे लाडू मग दोघी हसत हसत संपवायच्या.

“वहिनी, थांबा,” पद्माकर म्हणाले. आवाज चिरकला, पण निघाला. “पहिली ओटी तुम्ही भरायची.”

खोलीत सगळ्या वळून बघायला लागल्या.

“दादा, हे बायकांचं काम आहे,” मीनाक्षी म्हणाली. “तू बाहेर बस बघू. अहेव गेली ती, सोनं झालं तिचं. शेवटच्या घडीला तिच्या पुण्याईला बट्टा नको.”

“तिची पुण्याई मी रोज बघितली आहे. तू दिवाळीला यायचीस.”

“एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात कुठे असं लिहिलंय, दाखव.”

एरवी पद्माकरांनी दहा ग्रंथ आठवले असते, आणि अकराव्यात उलट लिहिलं असेल या भीतीने गप्प बसले असते.

“ती अहेव कशी गेली, मीनाक्षी? मी जिवंत आहे म्हणून. मग त्या जिवंत माणसाचं ऐकायचं.”

शशीवहिनी दारातूनच म्हणाल्या, “नको हो भावजी. माझ्यापायी तंटा नको. तिला नीट जाऊ द्या.”

“तुम्हाला बाहेर बसवून ती नीट जाईल?”

शशीवहिनी दारातून एक पाऊल आत आल्या. दारावर टकटक झाली. अंत्ययात्रेची गाडी तयार असल्याचं तिथला माणूस सांगून गेला. मीनाक्षीने शेवटचं हत्यार काढलं. शशीवहिनी पहिल्या भरणार असतील तर मी भरणार नाही, म्हणाली.

“नको भरूस,” पद्माकर म्हणाले. त्यांनी तिच्या हातून पिशवी घेतली आणि नारळ काढून शशीवहिनींच्या ओंजळीत ठेवला.

शशीवहिनींनी ताटातला खण आणि तांदूळ घेतले, तेव्हा थोडे तांदूळ लुगड्यावर सांडले. कुणी ते गोळा केले नाहीत. खण ठेवला, नारळ ठेवला, लीलावतीच्या कपाळावर कुंकू रेखलं आणि त्या तिच्याशी काहीतरी पुटपुटल्या. ते पद्माकरांनी ऐकलं नाही, विचारलंही नाही.

“एजवेअरला लोक विचारतील मला,” मीनाक्षी भिंतीकडे बघत म्हणाली.

“सांग त्यांना. माझं नाव घेऊन सांग.” मग ते सुनेकडे वळले. “मंजिरी, ये. आता तू भर.”