चैतालीचे दोन सुळे

चैतालीला नाशिकच्या कॉलेजात बीडीएसची सीट लागली, आणि सायखेड्यातल्या घरात पेढ्यांच्या आधी तिच्या दातांचा विषय निघाला. तिचे वरचे दोन्ही सुळे शेजारच्या दातांच्या डोक्यावर चढून बसलेले. आजवर त्यांचं कोणाला काही वाटलं नव्हतं. पण पोरगी दातांची डॉक्टर होणार म्हटल्यावर वाल्मीकमामा तिला उजेडात उभी करून तिचे दात बघू लागला.

मामाने हे भोगलं होतं. वीस वर्षांपूर्वी फौजेच्या भरतीत तो धावला, छाती फुगवून दाखवली, आणि मेडिकलला नेमका दातांवरून बाद झाला. "बंदूक चालवायला दात बघतात, मग दातांच्या डॉक्टरला सोडतील का?" असं तो घरात ज्याला त्याला विचारत सुटला. प्रवेशाच्या कागदांत फिटनेस सर्टिफिकेट मागितलेलं दिसल्यावर तर मामाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाली.

निफाडच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात निरोगी आहेत. तारा लावू, दीड वर्षात रांगेत येतील. आणि प्रवेशाला दात कोणी बघत नाही." कॉलेजात हजर व्हायला सहाच दिवस उरले होते. मामाला वाटलं, बाई तारांसाठी गिऱ्हाईक धरून ठेवतेय. सुळे काढून टाकायला त्याने भाचीला दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं. तिथे फार प्रश्न विचारत नसत.

"तुला चालेल ना गं?" आईने निघताना विचारलं होतं. चैताली "चालेल" म्हणाली. दोन वर्षं नीट परीक्षेचा अभ्यास करून करून तिच्यात नाही म्हणण्याइतकाही जीव उरला नव्हता. भुलीचं इंजेक्शन टोचलं, ओठ जड झाला, आणि दोन्ही सुळे मुळासकट ट्रेमध्ये पडले. चांगले पांढरेशुभ्र, धडधाकट दात. रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. संध्याकाळी भूल उतरली तरी तिला आतून काहीच वाटेना.

कॉलेजात खिडकीमागच्या कारकुनाने दाखले चाळले, फिटनेसवरची सही पाहिली, शिक्का मारला. मान काही वर केली नाही.

"सर, दात बघायचे नाहीत?"

"कुणाचे?" तो म्हणाला, आणि त्याने मागच्या मुलाची फाइल ओढली.

मामा फाटकापाशी उभा होता. चैताली झालं म्हणताच त्याचे डोळे भरून आले. त्याने लगेच बहिणीला स्पीकरवर फोन लावला. "ताई, पोरीनं मैदान मारलं! कोणी ब्र काढला नाय. मी म्हणलो नव्हतो?" मग चैतालीच्या धाकट्या बहिणीची आठवण झाली. अकरावीतल्या आरोहीलाही डेंटिस्टच व्हायचं होतं, आणि सुळेही थोरलीसारखेच होते. "आरोहीचे आत्ताच काढून घेऊ. पुढं लय घाई होती."

"काढा की," फोनमधून आरोहीचा आवाज आला. "ताईला कुठं दुखलं?"

चैतालीने मामाचं मनगट धरलं.

"मामा, त्यांनी बघितलंच नाही. कोणाचेच बघत नाहीत."

मामा तिच्याकडे वळला. "मग त्या दिवशी गप का बसलीस?"

तिची जीभ आपोआप सुळ्यांच्या रिकाम्या जागेवर गेली.

"ताई, मग माझे काढायचे ना?" आरोही विचारत होती.

"नाही!" चैताली इतक्या मोठ्याने ओरडली की वॉचमन खुर्चीतून उठला. मग तिथेच, फाटकात, तिला रडू फुटलं.