ताडाची दोन झाडं

"डावं काढ," अमलेंदु म्हणाला.

एवढं बोलायला त्याला चहा निवेपर्यंत वेळ लागला. आषाढात अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडून असायचा आणि शब्द अडखळत यायचे. हट्ट मात्र पूर्वीइतकाच धडधाकट होता.

मणिकाच्या पुढ्यात त्याचा लिनोचा, रबरासारख्या मऊ तक्त्यावर कोरलेला ठसा होता. कोपाई नदीचं वळण आणि काठावर ताडाची दोन झाडं. एकाच ठशातून सगळे रंग काढायची त्याची पद्धत. आधी पिवळा छापायचा, मग पिवळं राहायचं तेवढं कोरून टाकायचं, त्यावर तांबडा, पुन्हा कोरायचं, मग हिरवा. कोरलेलं परत येत नाही. आता फक्त काळा उरला होता, आणि तो त्याच्या हातून होणार नव्हता. तिची सुरी चुकली की ठसाही गेला आणि छापलेले कागदही. हे त्याचं शेवटचं चित्र आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

ठशावर दोन्ही झाडं अजून होती. वैशाखातल्या वादळात नदीकाठचं त्यातलं एक पडलं. कुठलं, ते तिला ठाऊक नव्हतं; पण जे नाही ते अमलेंदु कधी छापत नसे, ते आता कोरून टाकायचं होतं.

"ठशावरचं डावं की कागदावरचं?" तिनं विचारलं. ठशावरचं डावं कागदावर उजवं होऊन उमटतं, त्यामुळे या धंद्यात नुसतं डावं म्हणून भागत नाही.

"डावं!"

"जन्मभर वर्गात पोरांना ओरडलास, आधी विचारा, मग कोरा. आणि आता स्वतःच सांगेनास?"

त्यानं तोंड फिरवलं.

"बरं अमलदा, बस फुगून. मीच बघून येते."

शांतिनिकेतनात शिकताना तो तिच्या पुढच्या वर्गात होता. नवऱ्याला दादा म्हणते म्हणून सासूनं कमी टोमणे मारले नव्हते, पण चिडली की तिच्या तोंडून तेच निघायचं.

बुधन हेम्ब्रमच्या टोटोत, बॅटरीच्या रिक्षात बसून ती नदीकडे निघाली.

"काकीमा, आज एकट्याच? काकांनी चित्र काढायचं, तुम्ही मुडी-कुरमुरे खायचे, असं असायचं ना तुमचं?"

"आता उलटं झालंय बाबा. त्यांनी बसून खायचं, मी राबायचं."

ती नेहमीच्या जागी बसली. अमलेंदु इथंच बसून थेट ठशावर रेघा ओढायचा. 'बायकोची जागा डावीकडे, म्हणून डावं झाड तू आणि उजवं मी,' असं दरवेळी म्हणायचा. डावं जागेवर होतं. उजवं मुळासकट आडवं झालेलं, आणि त्याच्यावर कुणाची तरी बकरी चढून उभी होती.

आधी तिला बकरीचंच हसू आलं. मग लक्षात आलं. म्हणजे तो कागदावरचं डावं म्हणत होता. नदीवरचं उजवं झाड, म्हणजे त्याचंच, कागदावर डावीकडे येणार होतं. हा माणूस बायकोच्या हातून स्वतःला पुसून घ्यायला निघाला होता! तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त त्याचा राग आला.

घरी येऊन ती मुकाट कोरायला बसली. आकाश कोरलं, पाणी कोरलं, काठावरची झुडपं कोरली. जे ठेवायचं त्याला हात लावायचा नाही, एवढंच तर या कामाचं शास्त्र. मग काळी शाई फिरवली, कागद बसवला आणि लाकडी चमच्याच्या पाठीनं हळूहळू घासला. तो पलंगावरून बघत होता.

तिनं कागद सोडवून त्याच्यासमोर धरला. नदीचं वळण, काठ आणि ताडाची दोन झाडं.

"चूक," तो म्हणाला. "एक... पडलंय."

"नदीवर पडलंय. लिनोत सगळं उलटं येतं ना, अमलदा? तिकडे आडवं, ते इकडे उभं."

 त्याचे डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत. मग डाव्या हातानं पेन्सिल मागून घेतली, खालच्या उजव्या कोपऱ्यात वेडीवाकडी सही केली आणि पेन्सिल तिच्यापुढे धरली.

"तू पण. डावीकडे."

या वेळी कुठलं डावं, ते तिनं विचारलं नाही.