न बघता काढलेला फोटो

विभागप्रमुखांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि फोटोवरून तसंच फिरवलं. काचेवर तेलकट पट्टा उमटला. 

"आजोबा, ही भोकं बघा. नेहमीच्या दुप्पट रुंद. जड तेलाचे रेणूसुद्धा आरामात आत शिरतील. पोरीनं नाव काढलं."

पोरगी म्हणजे माझी पुतणी. झिओलाइट ही सारख्या, अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी. तिच्या आत जड तेल तुटून हलकं होतं. पुतणीने या जाळीचा एक नवा प्रकार बनवला होता आणि शुक्रवारी तिचा प्रबंध जायचा होता. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवरचे फोटो मी काढलेले. हात स्थिर आहे म्हणून मला निवृत्तीनंतरही बोलावतात.

हाताचं ठीक आहे, मनाचं काय सांगू. झिओलाइटला इलेक्ट्रॉनचा झोत सोसत नाही, फार वेळ पडला की जाळी ढासळते. म्हणून फोकस शेजारच्या कणावर लावायचा आणि हव्या त्या कणाचा फोटो न बघता, एकदाच काढायचा. तीस वर्षं मी हेच शिकवलं. आठ दिवसांपूर्वी हा फोटो काढताना मात्र फोकस लागला की नाही, अशी शंका आली. म्हणून त्याच कणावर जाऊन पाहिलं. पुन्हा पाहिलं. चौथ्या खेपेला भोकं दिसली, आणि मी गप्प बसलो. असतीलही खरी, असं मनाला समजावलं. तेव्हापासून आरशात बघायचीही शिसारी येते.

"सर," मी म्हटलं, "ही भोकं झोतानं पडलीत. माझ्या हातून."

"तुम्हाला तर दाराला कुलूप लावलं की नाही याचीही शंका येते, आजोबा." ते हसले. दातांच्या फटीत काहीतरी हिरवं अडकलं होतं.

पुतणी हसली नाही. "काका, दुसरा कण घ्या. न बघता काढा."

काढला. जाळी सरळ, सगळी छिद्रं सारखी. रुंद भोक एकही नाही.

सरांनी अंगठ्याने ओठांचे कोपरे पुसले. "हा खोडून टाका. आधीचाच छान आहे," ते इतक्या मायेने म्हणाले की माझ्या अंगावर काटा आला.

"मग प्रबंध शुक्रवारी जाणार नाही, सर," पुतणी म्हणाली.

"सहा महिने मागे पडशील."

"पडेन."

ते दार आपटून गेले. ती माझ्याकडे वळली.

"आठ दिवस रोज समोर बसून जेवलात, काका."

मी रुमालाने पडद्यावरचा पट्टा पुसायला लागलो, तर तो आणखीच पसरला.

"राहू द्या ते," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्या जागी बसली. "तुम्ही कण शोधून द्या. फोकस मी लावते."