एक अक्षर वेगळं निघालेलं रक्त

मी रक्ताची एक नळी बोलतेय. बोटाएवढी, जांभळ्या टोपणाची. उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये राहते. पण मला कापरं भरतं ते थंडीनं नाही.

माझ्यातलं रक्त चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका बाईचं. तिचे वडील बसल्या जागी गेले. भाऊ चौतिसाव्या वर्षी जिना चढता चढता कोसळला. घराण्यातूनच आलेलं हृदयाचं दुखणं असेल, अशी डॉक्टरांना शंका आली. सुई टोचताना आठ वर्षांची लेक शेजारीच उभी होती.

"आई, दुखतंय?"

"नाही गं. मुंगी चावल्यासारखं."

प्रयोगशाळेतल्या ताईनं माझ्यातली जनुकं वाचली. एक अक्षर वेगळं निघालं. ते घातक की साधंच, हे तेव्हा कुणालाच सांगता येईना. 'अर्थ अनिश्चित' असा शेरा मारून अहवाल गेला. बाई म्हणे हुश्श करत घरी गेली. 'माहीत नाही' म्हटलं की माणसं 'काही नाही' असंच ऐकतात.

सहा वर्षं मी अंधारात पडून होते. यंदा ताई जुने अहवाल नव्या माहितीशी ताडून बघत होती. तेच अक्षर आणखी एकोणीस घरांत सापडलं होतं आणि प्रत्येक घरातलं कुणीतरी असंच अचानक गेलं होतं. ताईनं मला बाहेर काढून पुन्हा तपासलं. तिचा चेहरा उतरला.

"सर, हे घातक ठरलंय," ती डॉक्टरांना म्हणाली.

"मग थांबलीस कशाला? लाव फोन."

फोन लागेना. नंबर बदललेला. घर बदललेलं. पत्र परत आलं. ताई रोज चष्म्याच्या दुकानांना फोन करत राहिली. इकडे माझ्या जिवाला घोर. बाई आज आहे की नाही, हेच कळत नव्हतं.

नवव्या दिवशी एका दुकानातून निरोप मिळून बाईच दारात उभी राहिली.

"मी तर ठणठणीत आहे. हे रक्त माझंच कशावरून? दाखवा बघू."

ताईनं मला तिच्यापुढे धरलं. लेबलावरचं स्वतःचं नाव तिनं दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसली.

"घाबरू नका," ताई म्हणाली. "आता यावर गोळ्या आहेत. गरज पडली तर छातीत यंत्र बसवता येतं. ते अक्षरच दुरुस्त करायचे प्रयोगही चालू आहेत."

"आणि माझी मुलगी?"

"तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. तपासेपर्यंत दमछाक होईल असं काही तिला करू देऊ नका, हृदय थांबू शकतं."

"ती आत्ता तलावावर आहे. पोहण्याच्या शर्यतीचा सराव चाललाय."

बाईनं तिथूनच फोन लावला. तीनदा कुणी उचलला नाही. ताई माझ्यासकट तशीच उभी; तिच्या बोटांची धडधड मला कळत होती. चौथ्यांदा प्रशिक्षकांचा आवाज आला.

"तिला बाहेर काढा," बाई म्हणाली. "नाही, पाण्यातून. आत्ताच्या आत्ता."

मुलगी सुखरूप निघाली. बाईच्या गोळ्या सुरू झाल्या.

तुमचंही रक्त कधी असं तपासायला दिलं असेल, तर घर बदलताना एवढं करा: नवा नंबर कळवून ठेवा. आम्हाला उशिरा का होईना, काहीतरी कळतं. पण हाक मारता येत नाही.

कालपासून माझ्या शेजारी मुलीची नळी आहे. अहवाल सोमवारी. मुलगी सारखा फोन करून ताईला एकच विचारते, "मी परत पोहू शकेन ना?" ताई म्हणते, "सोमवारी सांगते." मी त्या नळीकडे बघत राहते. तिच्यातलं रक्त अगदी माझ्यासारखंच दिसतं, आणि त्याचीच मला भीती वाटते.